तुम्ही विचारलंत म्हणून: काच दुधात बुडवली की युरिया कळतो का?

"भाऊ, हे काच दुधात बुडवलं की युरिया समजते का?" दूध संकलन केंद्रावर हा प्रश्न ठरलेला. 'हो' म्हटलं की उद्यापासून आणा म्हणतात. 'नाही' म्हटलं की मग हा खटाटोप कशाला, असं ऐकावं लागतं. म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

ही काच म्हणजे प्रकाश नेणारा काचेचा तंतू. दुधातला प्रत्येक घटक इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशाची ठरावीक तरंगलांबी शोषतो; ती त्याची खूण. या खुणा लांब तरंगलांबीवर असतात: स्निग्धांश 5.7 मायक्रॉनला, प्रथिनं 6.5 ला, लॅक्टोज 9.6 ला. साध्या काचेतून 4 च्या पुढे काहीच जात नाही. टेल्युरियम, आर्सेनिक, सेलेनियमच्या काळ्या काचेचा तंतू मात्र साधारण 12 पर्यंत प्रकाश नेतो, आणि त्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग तंतूबाहेर येऊन दुधाला भेटतो. तो प्रकाश दुधात जिथवर पोचतो, तो थर एक मायक्रॉनचाही नसतो. दुधातला चरबीचा थेंब 3-4 मायक्रॉनचा. थेंब बारीक फोडून दूध एकजीव (होमोजिनाइज) केलं नाही, तर थेंब कुठे चिकटला त्यावर फॅटचा आकडा ठरतो.

युरियाचं वेगळंच. 6.1 मायक्रॉनजवळ पाणी एवढं शोषतं की तिथे काही हाती लागत नाही. 6.8 जवळची खूण बरी, पण चरबीची खूणही तिथेच. शिवाय युरिया चांगल्या दुधातही असतोच; मर्यादा 100 मिलीला 70 मिलिग्रॅम.

खरा घात मात्र धुण्यात होतो. एका केंद्रावर कॅन धुवायच्या गरम सोड्यातच तंतूही बुचकळला. ही काच पाण्याला दाद देत नाही, पण सोड्यात, कॉस्टिकमध्ये विरघळते. चकचकीत पृष्ठभाग मंद, खरबरीत झाला, प्रकाश वाटेतच विखुरला, आणि सिग्नल असा बसला की सगळ्यांच्याच दुधात काही तरी बिघडलंय असं वाटावं. बिघडला होता तंतू. दुधाबद्दल नसते संशय मात्र गावभर झाले, त्याचा मला आजही राग येतो. म्हणून कोमट पाण्यात सौम्य, अल्कली नसलेलं डिटर्जंट (साधा साबण नको), मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. वाळल्यावर तंतू नुसता हवेत धरून सिग्नलची रेघ (आलेख) घ्यायची आणि पहिल्या दिवशीच्या रेघेवर ठेवून बघायची. खाली गेली असेल तर तंतू बाद. आणि त्यात आर्सेनिक आहे: बुडवलेला नमुना कधीच कॅनमध्ये परत ओतायचा नाही, धुवण नालीत सोडायचं नाही.

पूर्वी मी म्हणायचो, आर्सेनिक काढून जर्मेनियम घाला, मिटलं. विषाची भीती कमी होते खरी, पण सोडा त्या काचेलाही खातो. तरी तो मार्ग मी सोडलेला नाही. तंतूतून आलेला प्रकाश मोजणारा डिटेक्टर गार ठेवायला लिक्विड नायट्रोजन लागतो, याची लोकांना उगाच धास्ती वाटते. पशुवैद्यकीय दवाखान्यात रेतमात्रांसाठी तो येतोच.

तेव्हा उत्तर असं: त्या गावच्या म्हशीच्या दुधावर बसवलेलं कॅलिब्रेशन (यंत्राचा सिग्नल प्रयोगशाळेच्या आकड्यांशी जुळवून घेणं) असेल, तर केंद्रावर 'संशयित' एवढंच म्हणता येतं. ते गायीच्या दुधाला लावायचं नाही. कोणाचा कॅन परत पाठवायचा असेल, तर प्रयोगशाळेचा आकडा हातात घेऊनच.