चौदा जानेवारीची चौकट

शनिवार, १३ जानेवारी २०२४. रविवारच्या अंकाची आतली पानं शनिवारी दुपारीच सोडायची असतात, त्यामुळे 'दिनविशेष'ची चौकट साडेबारापर्यंत टेबलावर हवी. चौकट एका रकान्याची. पाच नोंदी आणि जेमतेम शंभर-सव्वाशे शब्द. काम सोपं समजलं जातं, म्हणून ते सगळ्यांत नव्या उपसंपादकाच्या वाट्याला येतं. त्या दिवशी पाच ओळी आल्या आणि पाचही अडल्या.

मजकूर असा होता. आज मकर संक्रांत. १७६१ : मकर संक्रांतीच्या दिवशी पानिपतची तिसरी लढाई. १७४२ : खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांचे निधन. १८९६ : ज्येष्ठ भूगोलतज्ज्ञ सी. डी. देशमुख यांचा जन्म (भूगोल दिन). १९९४ : मराठवाडा विद्यापीठाचे नामांतर.

"ताई, सगळं दोन-दोन ठिकाणी बघितलंय," तो म्हणाला. बघितलं असणारच. पण दिनविशेषात दोन ठिकाणं म्हणजे बहुतेक वेळा एकच ठिकाण असतं, दुसऱ्याने तिथूनच उतरवलेलं असतं.

पहिली ओळ भिंतीवरच्या कॅलेंडरनेच मोडली. २०२४ साली १४ तारखेला भोगी आणि १५ ला संक्रांत. सूर्याचा मकर राशीत प्रवेश १५ च्या पहाटे पावणेतीनच्या सुमाराला होता. हा क्षण दर वर्षी साधारण सहा तास नऊ मिनिटांनी पुढे सरकतो आणि लीप वर्षातला जादा दिवस त्याला परत मागे ओढतो. म्हणून हल्ली संक्रांत कधी १४ ला, कधी १५ ला येते. 'संक्रांत म्हणजे १४ जानेवारी' हे शाळेत पाठ झालेलं असतं आणि तेवढ्यावर ओळ लिहून होते.

दुसरी ओळही त्याच पाठांतरातून आलेली. पानिपत १४ जानेवारीला झालं, संक्रांत १४ जानेवारीला असते, मग पानिपतवर संक्रांत कोसळली! वाक्प्रचार इतका फिट बसतो की कुणाला शंकाच येत नाही. पण सूर्याला त्याच ताऱ्यांपाशी परत यायला ३६५ दिवस, ६ तास, ९ मिनिटं लागतात आणि आपलं इंग्रजी वर्ष सरासरी ३६५ दिवस, ५ तास, ४९ मिनिटांचं. वर्षाला वीस मिनिटांचा फरक, म्हणजे बहात्तर वर्षांत एक दिवस. जितकं मागे जाल तितकी संक्रांत अलीकडे येते. स्वामी विवेकानंद १२ जानेवारी १८६३ ला जन्मले, तो संक्रांतीचा दिवस होता. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलं की संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडते. भाऊसाहेबांचं सैन्य मैदानात उतरलं तेव्हा सण होऊन चार दिवस झाले होते.

मग पानिपतची तारीख तरी बरोबर आहे का, हे त्याने विचारलं आणि मला बरं वाटलं. मूळ नोंद तिथीची आहे : शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. शकाचं इसवी सन करताना ७८ मिळवायचे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण १ जानेवारी ओलांडली की पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. पौष बहुधा डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर येतो, त्यामुळे सगळ्यांत जास्त घोळ त्याच महिन्यात. इथे ७८ मिळवले असते तर पानिपत १७६० मध्ये जाऊन पडलं असतं.

वार हा सर्वांत खात्रीचा साक्षीदार. आकडा उतरवताना चुकतो, तिथीचा क्षय-वृद्धीत घोळ होतो, पण वारांची साखळी तुटत नाही. १७६१ चं कॅलेंडर २०१५ सारखंच. २०१५ चं काढलं, १४ जानेवारीला बुधवार. वार जुळला. आता तिथी. दर एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख जवळपास एकत्र येतात (एकोणिसाव्या, अडतिसाव्या वाढदिवसाला तिथीचा आणि तारखेचा वाढदिवस जवळजवळ एकाच दिवशी येतो, तो यामुळे). १७६१ मध्ये तेरा वेळा एकोणीस मिळवले की २००८. त्या वर्षीच्या पंचांगात १४ जानेवारीला पौष शुद्ध षष्ठी होती. अडीचशे वर्षांत दोन तिथींची घसरण चालते. महिना आणि पंधरवडा बरोबर असला की पुरे. पाच मिनिटांचं काम आहे, पण जुनी पंचांगं रद्दीत घातलेली नसावी लागतात.

हॅलीची ओळ चुकीची म्हणता येत नव्हती आणि बरोबरही म्हणता येत नव्हती. १४ जानेवारी ही इंग्लंडमधल्या तेव्हाच्या जुन्या कॅलेंडरची तारीख. पोर्तुगाल, स्पेन यांनी नवं कॅलेंडर १५८२ मध्येच घेतलं. इंग्रजांनी ते १७५२ मध्ये घेतलं आणि त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. हॅली त्याआधी वारला, त्यामुळे आजच्या हिशेबाने त्याचा दिवस २५ जानेवारी. शिवाय त्या काळी इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून तिथल्या कागदांत सालही १७४१ सापडतं. ओळ काढली. अकरा दिवसांनी पुन्हा घालता येईल, असं डायरीत लिहून ठेवलं.

पण यातून त्याला जो प्रश्न पडला, तो मराठी दिनविशेष लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधीतरी पडतोच. मग शिवजयंती? १९ फेब्रुवारी १६३० हीसुद्धा जुन्या कॅलेंडरचीच तारीख आहे. नव्या हिशेबाने तो दिवस १ मार्च १६३०. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या जुन्या सालवार नोंदींत) फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार अशी नोंद आहे. नवं कॅलेंडर दर चारशे वर्षांनी वारासकट तसंच्या तसं परत येतं, म्हणून २०३० चा १ मार्च बघायचा : शुक्रवार. आपल्या इतिहासकारांचा रिवाज असा की १७५२ च्या आधीच्या तारखा जुन्या कॅलेंडरने द्यायच्या, नंतरच्या नव्याने. रिवाज ठाऊक असला की गोंधळ नाही. दोन पुस्तकांत दहा दिवसांचा फरक दिसला (१७०० नंतर अकरा), तर ती चूक समजून मधलीच एखादी तारीख काढणारे मी पाहिलेत. ते मात्र करू नये.

राज्याभिषेकाची गंमत याहून बारीक. आपण ६ जून १६७४ लिहितो, तो शनिवार. शकावली म्हणते ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार. चूक दोघांचीही नाही. महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटका रात्र उरली होती. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला सव्वा तास होता. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्रीला. त्या सव्वा तासात रायगडावर अजून शुक्रवारच चालू होता. हे सगळं चौकटीत मावत नाही, पण लिहिणाऱ्याला माहीत हवं. नाहीतर जूनमध्ये वाचकांचे फोन आले की बोलती बंद होते.

देशमुखांची ओळ साधी फसगत. सी. डी. दोन. चिंतामणराव देशमुख, जन्म १४ जानेवारी १८९६, महाडजवळचं नाते गाव, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे अर्थमंत्री आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये राजीनामा दिलेले. आणि सी. डी. देशपांडे, भूगोलाचे प्राध्यापक, ज्यांच्या गौरवार्थ महाराष्ट्रात याच तारखेला भूगोल दिन पाळतात. तारीख एक, आद्याक्षरं एक, आडनावाचा अर्धा भागही एक. फोटो मागवलाच होता, तो अर्थमंत्र्यांचा, खाली ओळ 'भूगोलतज्ज्ञ'. जन्मगावापुढे 'जि. रायगड' होतं, ते 'तेव्हाचा कुलाबा जिल्हा' केलं. रायगड हे जिल्ह्याचं नाव १९८१ पासूनचं.

शेवटच्या ओळीत एकच शब्द बदलायचा होता, आणि त्यालाच मी सगळ्यांत जास्त वेळ दिला. १४ जानेवारी १९९४ ला झाला तो नामविस्तार. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं आणि 'मराठवाडा' हा शब्दही राहिला. नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला होता. मधली साडेपंधरा वर्षं मोर्चे, जाळपोळ, माणसं गेली. लढा 'नामांतराचा', दिवस 'नामविस्ताराचा' असंच तिकडची माणसं बोलतात. विद्यापीठाच्या दारात दर वर्षी या दिवशी गर्दी जमते, तिच्यातल्या माणसाच्या हातात आपला अंक असणार, हे गृहीत धरून शब्द निवडायचा. नव्या मुलाचा जन्म त्यानंतरचा. त्याला हे दोन शब्द एकच वाटले, तर दोष त्याचा एकट्याचा नाही.

पावणेदोनला पान सुटलं. संक्रांत गेली, हॅली गेले, तीन ओळी उरल्या. खालची मोकळी जागा दोन्ही सी. डीं.च्या दोन वेगळ्या नोंदींनी भरली.

रविवारी सकाळी साडेसातला पहिला फोन. वाचक निवृत्त शिक्षक, आवाजात खुशी. "अहो, चौकटीत संक्रांत नाही घातलीत, बरं केलंत. भोगी आहे आज." मी आभार मानणार, तेवढ्यात ते म्हणाले, "पण त्याच पानावर तळाला मिठाईवाल्याची जाहिरात बघितलीत का? 'आज मकर संक्रांत, तिळगूळ घ्या, गोड गोड बोला.'"