हायकोर्टाचे हात कुठे बांधलेत

आज दुपारी दोघी भेटायला आल्या होत्या. बरीच वर्षं जोडपं म्हणून एकत्र राहतात. धाकटीने थेट विचारलं, "ताई, हायकोर्टात लग्नाचा अर्ज टाकू या का?" तिच्या हातात दवाखान्याचा फॉर्म होता, 'रुग्णाशी नाते' हा रकाना कोराच.

वकील म्हणून खरं तेच सांगावं लागलं. 17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी समलिंगी विवाहाच्या याचिकांवर, लग्न हा मूलभूत हक्क नाही असं एकमताने ठरवलं आणि विषय संसदेकडे टोलवला. जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. संविधानाच्या कलम 141 नुसार तो निकाल प्रत्येक हायकोर्टावर बंधनकारक. न्यायमूर्तींना मनातून पटलं तरी त्यांना ती रेघ ओलांडता येत नाही. शिवाय 1954 च्या विशेष विवाह कायद्यात वराचं वय 21, वधूचं 18, म्हणजे जोडपं स्त्री-पुरुषाचंच धरलंय. एक शब्द बदलला की घटस्फोट, पोटगी, वारसा, सगळंच हलतं. न्यायालयं बिचकतात ती इथे.

पण बाजूच्या वाटा आहेत. मे 2025 मध्ये मद्रास हायकोर्टाने लग्नाचा प्रश्न न छेडता सांगितलं की कुटुंब बनायला लग्नच लागतं असं नाही, आणि घरच्यांनी डांबलेल्या समलिंगी मुलीची सुटका केली. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

थोरली एवढा वेळ गप्प होती. म्हणाली, "म्हणजे मी आजारी पडले तर हिला आत सोडतील ना?" खात्री देता आली नाही, आणि त्याचा मला संताप येतो. इच्छापत्र आणि बँकेतलं नामनिर्देशन, दोन्ही याच आठवड्यात करून घेतेय.