११८ किलो, दोन झाडं, तीन रात्री

पहिल्या रात्री दीडच्या सुमाराला माझी पाठ जमिनीला टेकली. काही तुटलं नाही, काही फाटलं नाही. दोऱ्या ताणत ताणत गेल्या आणि मी इतक्या हळू खाली आलो की कमरेखाली दगड टोचला तेव्हाच जाग आली.

जंगलातली तीन रात्रींची पायवाट, आम्ही दोघंच. मित्र साठ किलोचा आणि हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायच्या कापडी पाळण्यात, झोपण्यात मुरलेला. मी सहा फूट एक इंच, वजन ११८ किलो, आणि हॅमॉकमध्ये आजवर फार तर दुपारची डुलकी काढलेला. तंबू न्यायचा नाही, हा त्याचा हट्ट. निघण्याआधी मी हॅमॉकच्या पिशवीवरचा एकच आकडा वाचला होता : १८० किलोपर्यंत वजन पेलतो. म्हटलं, अजून ६२ किलो शिल्लक आहेत, काळजी मिटली.

आमच्यासारख्या अंगाने भरलेल्यांना हाच आकडा फसवतो. कापड फाटणार नाही, एवढंच तो सांगतो. झोप लागेल का, हे ठरतं हॅमॉकच्या लांबीवर आणि तो किती झोळ देऊन बांधलाय त्यावर. माझा हॅमॉक होता २७० सेंटिमीटर लांब. त्यात मी शहाणपणा केला. माझ्या वजनाने तो खाली जाणारच, मग आधीच ताणून बांधावा, म्हणजे सपाट राहील, असा माझा हिशेब. मित्र म्हणाला, "अरे, सैल सोड." मी म्हटलं, "तुझं ठीक आहे, तुझं वजन बघ." तो काही बोलला नाही.

ताणून बांधलं की कापडाच्या दोन्ही कडा आवळतात आणि खांदे आत दाबले जातात. शेंगेतल्या दाण्यासारखी गत. मध्यभागी धड रुतून बसतं, पाय वर जातात, गुडघे उलट्या बाजूला दाबले जातात आणि पोटऱ्यांखाली कापडाची एक ताठ घडी उभी राहते. ती अर्ध्या तासात मुंग्या आणते. कुशीवर वळायचा विचारही करू नका.

शिवाय दोऱ्यांवर काय बेततं ते वेगळंच. हॅमॉकमध्ये झोपल्यावर बांधणीचा पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक टोकावर साधारण तुमच्या वजनाइतकाच ताण येतो. माझ्या बाबतीत ११८ किलो. कोन १५ अंशांवर आला की तोच ताण २२८ किलोंच्या घरात जातो, आणि १० अंशांवर ३४० किलोंपर्यंत. मी त्या रात्री जवळजवळ आडवाच बांधला होता. हॅमॉकसोबत आलेल्या बारीक नायलॉनच्या दोऱ्या, त्यांच्यावर एवढा ताण. नायलॉन मुळात ताणलं जातं, त्यात गाठीही आवळत गेल्या. त्यांनी मला जमिनीवर ठेवला तो सावकाश ठेवला, हेच नशीब.

उरलेली रात्र मी जमिनीवर काढली. सकाळी मित्राने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि म्हणाला, "आज तू माझा घे. मी तुझ्यात मुटकुळं करून पडेन."

त्याचा हॅमॉक ३३५ सेंटिमीटर लांब, म्हणजे ११ फूट. साठ किलोच्या माणसाला एवढा कशाला, असं मला वाटलं होतं. उत्तर त्यात आडवं झाल्यावर मिळालं. मधल्या रेषेवर सरळ झोपायचंच नाही. डोकं डावीकडे आणि पाय उजवीकडे, असं तिरकं पडायचं. (किंवा उलट. एक रात्र दोन्ही करून बघा, बहुतेकांची एक बाजू ठरलेली असते.) तिरकं झालं की कापड पाठीखाली पसरतं आणि अंग जवळजवळ सपाट होतं. पण त्यासाठी कापडात झोळ हवा आणि झोळासाठी लांबी हवी. उंच किंवा रुंद माणसाने ११ फुटांखाली जाऊच नये, असं आता माझं ठाम मत आहे. रुंदीही बघा. खांदे रुंद असतील तर दीड मीटरपेक्षा बरीच जास्त घ्या, नाहीतर तिरकं होताच एक खांदा काठावर येतो.

झोळ रोज सारखाच पडावा म्हणून हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये वरून एक न ताणणारी दोरी बांधलेली असते, तिला रिजलाइन म्हणतात. तिची लांबी हॅमॉकच्या लांबीच्या साधारण ८३ टक्के. ३३५ सेंटिमीटरच्या हॅमॉकला २७८ सेंटिमीटर होतात. मग झाडं जवळ असोत की लांब, झोळ तोच राहतो. आत झोपून ही दोरी दोन बोटांत धरून वाकवून बघा. थोडी वाकली तर बरोबर. वीणेच्या तारेसारखी वाजली तर पट्टे सैल करा.

कोन मोजायला उपकरण लागत नाही. अंगठा वर, तर्जनी आडवी, असा पिस्तुलासारखा हात धरा. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंतची तिरकी रेघ साधारण ३० अंशांची असते. पट्टा त्या रेघेवरून जायला हवा.

पट्टे पॉलिएस्टरचे घ्या, रुंद घ्या. एक इंच म्हणजे कमीत कमी. आमच्या वजनाला दीड-दोन इंच बरे, झाडाची साल कापली जात नाही. झाड जिवंत हवं आणि जाड हवं. माझी कसोटी सोपी आहे : माझ्या मांडीपेक्षा बारीक झाडाला मी स्वतःला टांगत नाही. बांधण्याआधी वर बघा, वाळलेली फांदी अडकलेली असेल तर तिथून उठा.

झाडांमध्ये चार मीटर अंतर असेल तर पट्टा पावणेदोन मीटर उंचीवर बांधला की बसायची उंची खुर्चीइतकी, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या आसपास येते. हे गणित भरल्या हॅमॉकचं आहे. आपण बसलो की कापड आणि पट्टे थोडे खाली येतातच, म्हणून मी आधी दहा-पंधरा सेंटिमीटर वर बांधून, बसून, मग पुन्हा जुळवतो. आधी नुसतं बसायचं, मग हळूहळू पूर्ण भार टाकायचा. धपकन बसू नका, त्या क्षणी पडणारा भार तुमच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त असतो.

आत शिरणं हा माझ्यासाठी सगळ्यात लाजिरवाणा भाग होता. पहिल्या प्रयत्नात मी एक पाय आत टाकला, घोड्यावर बसावं तसा, आणि हॅमॉक माझ्याखालून निघून गेला. बरोबर पद्धत अशी : हॅमॉककडे पाठ करून मधोमध उभं राहायचं, दोन्ही हात मागे नेऊन कापड पसरायचं, पलीकडची कड पार पाठीमागे ओढून घ्यायची आणि मग खोल बसायचं. काठावर बसलात तर उलटणार. बसल्यावर पाठ टेकवत पाय एकत्र वर आणायचे आणि तिरके न्यायचे. रात्री उठताना हेच उलटं. दोन्ही पाय जमिनीवर टेकले की पुढे झुकून उभं राहायचं. वर ओढून घ्यायला रिजलाइनला लटकू नका, ती त्यासाठी नाही.

दुसऱ्या रात्री पाठ सुखावली, पण दोन गोष्टींनी उठवलं. एक, झोपेत मी पायांच्या बाजूला घसरत होतो. दोन, थंडी. हॅमॉकमध्ये पाठीखालून वारा लागतो, आणि झोपण्याच्या पिशवीचा खालचा भाग अंगाच्या वजनाने दबून निकामी होतो. जितकं वजन जास्त तितका तो चपटा. मित्राच्या हॅमॉकला कापडाचे दोन थर होते, मधे फोमची चटई सरकवलेली. पण ती ५० सेंटिमीटर रुंद आणि मी बराच जास्त. पाठ उबदार, दोन्ही खांदे बर्फ.

तिसऱ्या रात्री पायाकडचा पट्टा डोक्याकडच्यापेक्षा वीतभर वर बांधला, घसरणं थांबलं. चटई आडवी करून खांद्यांखाली घेतली आणि कमरेखाली जाकिटाची घडी दोन थरांमध्ये सारली. गुडघ्यांखाली कपड्यांची गुंडाळी ठेवली. हे शेवटचं फार छोटं वाटतं, पण पोटऱ्यांखालची ती ताठ घडी तिनेच मोडली. पुढच्या वेळी चटईच्या भानगडीत पडणार नाही. हॅमॉकच्या बाहेरून टांगायचं अंडरक्विल्ट, म्हणजे खालची दुलई, घेईन, पूर्ण लांबीचं आणि रुंद. ते अंगाखाली दबत नाही आणि खांद्यांपर्यंत येतं.

कुशीवर मला अजून नीट झोपता येत नाही. तिरकं पडून एक गुडघा दुमडला तर जेमतेम जमतं, पण पोटावर झोपणाऱ्यांनी हॅमॉकची आशा सोडावी.

त्या सकाळी मला हाका मारून उठवावं लागलं. मित्र बाजूला उभा, मानेवर हात, कण्हत. "तुझा हॅमॉक," तो म्हणाला, "साठ किलोच्या माणसाचाही नाही." उतरताना त्याचा हॅमॉक मी माझ्याच सॅकमध्ये भरला. तो परत मागायला अजून आलेला नाही.