बोटांवरचे घट्टे

आमचे गिटारचे सर 24 वर्षांचे आहेत, मी 52. ते मला ‘काका’ म्हणतात, मी त्यांना ‘सर’ म्हणतो. दर शनिवारी संध्याकाळी ते माझ्या डाव्या हाताची बोटं उलटी करून बघतात. शाळेत जाण्याआधी आई नखं बघायची, अगदी तशी. घट्टे पडलेत का, हे बघायचं असतं. पोलादी तारा दाबून दाबून बोटांची टोकं आधी लाल होतात, मग हुळहुळतात, मग सालं निघतात आणि तीनेक आठवड्यांनी तिथली कातडी टणक होते. मग दुखत नाही. पण महिनाभर गिटार खुंटीला लटकत राहिली की घट्टे गुपचूप विरून जातात आणि पुन्हा श्रीगणेशा. माझा श्रीगणेशा आतापर्यंत पाच वेळा झाला आहे.

त्यात ती एफ कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांचा एक जुडगा. पहिलं बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या. सरांची एफ देवळातल्या घंटेसारखी घुमते. माझी, पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यावर टिचकी मारावी तशी.

हे या वयात कशाला, असं घरात आडून आडून विचारलं जातं. उत्तर सोपं आहे, पण देता येत नाही. ज्यांच्यामुळे हे डोक्यात बसलं ते एकेक करून निघाले आहेत. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर एका बाजूला एक अल्बम आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, असं भरून घेण्याचे दिवस होते. मुंबईला कुणी निघालं की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून काय आणायचं याची यादी द्यायची आणि पैसे ‘नंतर’ द्यायचे. 2016 मध्ये ते दुकानही बंद झालं. आता आम्हा मित्रांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एरवी त्यावर पाणीकपात आणि गुडघ्यांचे व्यायाम असतात. संगीताचा विषय निघतो तो कुणी गेलं की. एक जण लिहितो, ‘अजून एक विकेट’. मग हात जोडलेल्यांची रांग. जुलै 2025 मध्ये ब्लॅक सबाथ या बॅण्डचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला तेव्हा एकाने ‘भावपूर्ण श्रद्धांजली, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ असं टाकलं. जन्मभर अंधाराचा राजपुत्र म्हणून मिरवलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असतं, कोण जाणे.

मला मात्र त्या दिवशी आठवली ती ऑझीची नाही, त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाची बोटं. आणि त्यामागोमाग आमच्या काकांची.

काका भोसरीतल्या एका वर्कशॉपात पॉवर प्रेसवर होते. 1979 साली पत्रा डायमध्ये सरकवताना प्रेस खाली आला आणि उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट एकेका पेराने आखूड झालं. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. बोलतात ते तंबाखूबद्दल. डबीतला चुना तर्जनीच्या टोकावर घ्यायची सवय, टोकच गेलं. मग त्यांनी सगळा कारभार उलटा केला. तंबाखू उजव्या तळव्यावर, चुना डाव्या बोटाने, मळायला डावा अंगठा. आम्हा पोरांना कित्येक वर्षं वाटायचं, काका मुळातच डावखुरे आहेत.

कॉलेजची चार वर्षं मी काकांकडेच होतो. एका रविवारी ब्लॅक सबाथची कॅसेट लावली होती. काका दुपारची झोप मोडून बाहेर आले, दारात उभं राहून दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “अरे, हा आवाज आमच्या शॉपमधला आहे. आम्हाला त्याचे पगार मिळायचे.”

मी हसलो होतो. काका किती बरोबर होते ते फार नंतर कळलं.

टोनी आयोमी, म्हणजे सबाथचा गिटारवादक, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातला. वय 17, पत्र्याच्या कारखान्यात नोकरी. बॅण्डबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलं होतं, नोकरी सोडली होती आणि तो शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला आणि म्हणाला, आता परत नाही जात. आईने सुनावलं, घेतलेलं काम पुरं करून ये. (आया सगळीकडे सारख्याच.) गेला. नेहमीची कामगार आली नव्हती म्हणून त्याला प्रेसवर बसवलं आणि मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली. हात उजवा. तुम्ही-आम्ही म्हणू, तारा दाबायचा डावा हात तर वाचला! पण हा डावखुरा. त्याचा तारा दाबायचा हात उजवाच होता.

घरी पडून असताना कारखान्याच्या फोरमनने त्याला एक रेकॉर्ड ऐकवली. जँगो राइनहार्टची. 1928 मध्ये राहत्या गाडीला आग लागून जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती आणि उरलेल्या दोन बोटांवर तो सुरावटी अशा पळवायचा की दहा बोटंवाल्यांनी गप्प बसावं. मग आयोमीने भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवली, गोळा केला, तापल्या सोल्डरिंग आयर्नने त्यात बोटाएवढं भोक पाडलं, घासून घासून टोपी केली आणि वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. थोडक्यात, विकतचे घट्टे. जाड तारा झेपेनात म्हणून बॅन्जोच्या बारीक तारा लावल्या. पुढे सगळीच गिटार तीन अर्धस्वरांनी खाली उतरवली, तारा सैल पडाव्यात म्हणून. सैल तारेचा आवाज जड येतो, आळसावलेल्या हत्तीसारखा. हेवी मेटल नावाचा जड आवाजाच्या रॉक संगीताचा जो डोंगर पुढे उभा राहिला, त्याच्या पायथ्याशी ही बाटली आहे. एकट्या बाटलीनेच सगळं झालं असं मी म्हणणार नाही. बोटं शाबूत असती तरी त्याने काहीतरी दणदणीत केलंच असतं. पण हा आवाज निघाला नसता.

5 जुलै 2025 ला सबाथचा शेवटचा कार्यक्रम झाला, त्याच अ‍ॅस्टनमधल्या व्हिला पार्क मैदानावर. आपल्याकडे सबाथ मंचावर यायची वेळ पहाटेची आणि ती पहाट नेमकी आषाढी एकादशीची. बायको साबुदाणा बघायला उठली. हॉलमध्ये मी अंधारात लॅपटॉपसमोर, हेडफोन लावून. पडद्यावर काळं सिंहासन, त्यावर पार्किन्सनने थकलेला ऑझी, चेहऱ्यावर काजळ. ती क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, “आजच्या दिवशी तरी विठ्ठल लावा.” मी कॅमेरा आयोमीच्या हातावर कधी येतो याची वाट बघत होतो. आला. 77 वर्षांचा माणूस, शांत उभा, दोन बोटांवर टोप्या. नाचणं नाही, केस उडवणं नाही, तोंड वेडंवाकडं करणं नाही. मोटर दुरुस्त करणारा मिस्त्री कानाने अंदाज घेत स्क्रू पिळतो, तसा चेहरा. सतरा दिवसांनी ऑझी गेला.

आता या गिटारवाल्या मंडळींना बघताना माझी नजर चेहऱ्यावर ठरतच नाही, हातावर जाते. एरिक क्लॅप्टनने 2016 मध्ये सांगितलं की हातापायांच्या नसा दुखावल्यामुळे वाजवणं कठीण झालंय. तरी तो वाजवतोच. कीथ रिचर्ड्सने तर फार पूर्वीच सहावी तार काढून टाकली आणि उरलेल्या पाचांवर पन्नासहून जास्त वर्षांचा संसार रेटला. माझ्यासारख्याला ही कल्पना फार आवडते. सरांना म्हटलं, आपणही एखादी तार काढू या का. सर म्हणाले, “काका, आधी सहा वाजवा.”

बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन मला उगाच जवळचा वाटतो. सप्टेंबर 1966 मध्ये, 23 व्या वर्षी, तो पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत येऊन राहिला. ताजमध्ये खोटं नाव लावलं, मिशी वाढवली, तरी ओळखला गेलाच. जानेवारी 1968 मध्ये पुन्हा आला आणि मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करून गेला. पुढे त्याने सतार बाजूला ठेवली. पाचव्या वर्षापासून बसलेली पोरं पाहिली होती त्याने. आपण त्या रांगेत उशिरा आलो, हे त्याला 25 व्या वर्षी समजलं. मला 52 व्या वर्षीही समजत नाही, असं बायकोचं मत आहे.

पण आयोमीच्या जोडीला मी बसवीन ती जोनी मिचेल. (गाणी लिहिणारी म्हणून तिचं नाव घेतात, आणि मग ती गिटार काय वाजवायची हे सांगायचं राहूनच जातं.) कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये लहानपणी पोलिओ झाला, डाव्या हातात जोर राहिला नाही. माझी ती एफ कॉर्ड तिलाही जड गेली असणार. तिने काय केलं, तर खुंट्याच पिळल्या. तारा अशा जुळवल्या की हाताला फारसं काही न करता कॉर्ड तयार मिळावी. एका गाण्याला एक जुळणी, दुसऱ्याला दुसरी; अशा पन्नासेक. त्या जुळण्यांतून जे सूर शेजारी येऊन बसतात ते आपल्या पुस्तकात सापडतच नाहीत. भल्याभल्या वादकांनी तिचं गाणं ऐकून हात टेकलेत, कारण बोटं कुठे आहेत तेच कळत नाही.

आणि मग 2015 मध्ये मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. चालायचं विसरली, गिटार विसरली. पुन्हा शिकली ती कशी? इंटरनेटवरचे स्वतःचेच जुने व्हिडिओ लावून, त्या तरुण मुलीची बोटं कुठे पडतात ते बघून बघून. हे वाचलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. मीही रोज तेच करतो, व्हिडिओ थांबवून थांबवून परक्याची बोटं बघतो. तिला स्वतःचीच परकी झाली होती. जुलै 2022 मध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात, 78 व्या वर्षी, ती उभी राहून इलेक्ट्रिक गिटार वाजवत होती. एकटी, न गाता. सूर जपून जपून येत होते, मधली मोकळी जागा पूर्वीपेक्षा मोठी. तरुणपणीचं वादन जास्त चांगलं होतं, यात वाद नाही. पण मी लावतो हेच.

गेल्या रविवारी काकांकडे गेलो होतो. आता ते 78 वर्षांचे आहेत, ऐकायला बरं येतं, दिसतं कमी. सरांनी गृहपाठ दिला होता म्हणून गिटार बरोबर होती. आधी फोनवर एक वाद्यसंगीत ऐकवलं, 2024 च्या मार्चमध्ये आलेलं. मार्क नॉफ्लरने स्वतःचीच जुनी धून पुन्हा केली, कॅन्सर झालेल्या मुलांच्या मदतीसाठी, आणि साठाहून जास्त गिटारवादकांना त्यात जागा दिली. क्लॅप्टन, गिल्मर, आमचा आयोमी, सगळे. डोळे मिटून कोण कुठला ते ओळखायचा माझा खेळ असतो. बहुतेक वेळा चुकतो.

“एवढी माणसं एका गाण्यात,” काका म्हणाले, “आणि भांडणं नाहीत?”

“काका, सगळ्यात आधी वाजतोय ना, तो जेफ बेक. तो गेला. गाणं यायच्या वर्षभर आधीच.”

“मग हे?”

“हे त्याचं शेवटचं. वाजवून ठेवलं होतं.”

काका पुन्हा सुरुवातीपासून लाव म्हणाले. पहिलं अर्ध मिनिट ऐकलं आणि हातानेच बंद कर अशी खूण केली. मग गिटारकडे बोट दाखवलं. मांडीवर दिली. त्यांनी उजव्या हाताचं ते आखूड बोट सगळ्यात बारीक तारेवर टेकवलं, दाबलं, आणि चटकन उचललं.

“अरे, हे चावतं की.”

“सुरुवातीला चावतं. मग घट्टे पडतात.” मी डावा हात पुढे केला. चारही टोकं, तीन आठवड्यांची कमाई.

काकांनी हात खिडकीच्या उजेडाकडे नेला. दिसलं नसावं, कारण मग आपल्या बोटाच्या बुंध्याने माझं एकेक टोक दाबून बघायला लागले. पत्र्याची जाडी बघावी तसे, घाई न करता. करंगळीपाशी थांबले.

“कच्चा आहे अजून,” म्हणाले, आणि डाव्या हाताने उशीखाली चुन्याची डबी चाचपू लागले.