बी. प्लॅन करताना: आंबिल ओढ्याचा स्टुडिओ

बारावीनंतर इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चर, एवढेच दोन रस्ते घरी माहीत होते. बी. प्लॅन ही शहर नियोजनाची चार वर्षांची पदवी असते आणि तिच्यासाठी जेईई मेनचा 2बी हा वेगळा पेपर असतो, हे मला अर्ज भरताना कळलं. गणित, अ‍ॅप्टिट्यूड आणि प्लॅनिंगचे प्रश्न, बी. आर्क.सारखं ड्रॉइंग त्यात नसतं.

पहिली दोन वर्षं सर्व्हेइंग, संख्याशास्त्र आणि लँड यूज नकाशे रंगवण्यात गेली. निवासी पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा. हे शिकावंच लागतं. पण मी हा विषय का निवडला, याचं उत्तर मिळालं ते तिसऱ्या वर्षी, पर्यावरण नियोजनाच्या स्टुडिओत, म्हणजे खऱ्या जागेचा आराखडा गटाने करायच्या विषयात. आमच्या गटाकडे पुण्याचा आंबिल ओढा आला. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या डोंगरावरून आलेलं पाणी याच ओढ्याने सहकारनगर, अरण्येश्वरच्या घरांत घुसलं आणि माणसं गेली. त्यामुळे सुरुवातीपासूनच हे काम आम्हाला नुसतं सबमिशन वाटलं नाही.

आधी पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भागातलं पाणी या ओढ्यात येतं तो भाग, नकाशावर काढायचं होतं. सरांचा आग्रह असा, की क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी ट्रेसिंग पेपरवर हाताने काढा. कंटूर म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा. तिचं टोक चढाकडे वळतं तिथे ओहोळ, उताराकडे वळतं तिथे डोंगराची धार. त्या धारा पेन्सिलीने जोडत गेलो तसा वेगळाच आकार उमटला. वॉर्डाची हद्द, रस्ते, पेठा, कशाशीही न जुळणारा. पाणी मात्र त्याच आकारात वाहतं.

मग ओढ्याकाठी फिरलो. मेजरिंग टेपने पात्राची रुंदी घ्यायची, रस्त्याखालच्या मोऱ्यांची तोंडं मोजायची. एका मोरीच्या तोंडाशी प्लास्टिक, गादीचा कापूस आणि फांद्या घट्ट अडकल्या होत्या. मोरी कागदावर कितीही रुंद असली तरी पाण्याला वाट उरली होती हातभर. जवळच्या वस्तीतल्या एका आजींनी भिंतीवरची पुराची खूण दाखवली. ती माझ्या खांद्याच्या वर होती. “बाळा, लिहून घे नीट,” एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही ती उंची नकाशावर चढवली.

पहिल्या आराखड्यात दोन्ही काठांना सलग हिरवा पट्टा होता. जूरीत, म्हणजे काम परीक्षकांसमोर मांडतात तेव्हा, एका परीक्षकांनी विचारलं, “या पट्ट्याखाली किती घरं आहेत?” प्रश्न रास्त होता. पुराचा धोका आणि घर जाण्याची भीती, दोन्ही एकाच कुटुंबावर टाकायची, हे मला पटत नाही. म्हणून आम्ही वर गेलो, कात्रजकडे. डांबरी रस्त्यावर पडलेल्या पावसाचा फार मोठा भाग लगेच वाहून जातो, गवताळ जमिनीवर बराचसा मुरतो. तेव्हा 1:5 पेक्षा (पाच मीटर अंतरात एक मीटर चढ) तीव्र उतार मोकळे राखणं, तळ्यांतला गाळ काढणं, सोसायट्यांच्या आवारात पाणी मुरवणं हे आधी. मोऱ्या रुंद करणं त्यानंतर. आणि घरं हलवायचीच झाली तर अगदी पात्रातली, तीही त्याच परिसरात.

विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात, तेव्हा लोक आपला प्लॉट रस्ता, बाग अशा सार्वजनिक कामासाठी आरक्षित आहे का, ते शोधतात. त्यांच्यासमोर पाणलोटाचा नकाशाही ठेवायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. चौथ्या वर्षाच्या प्रबंधाला मी हाच विषय घेतला आहे, आणि सध्या ओढ्याच्या वरच्या टप्प्यातल्या सोसायट्यांचं सर्वेक्षण चालू आहे.