१४ दिवसांची चाचणी आणि मधली फट

प्रौढांसाठीच्या चित्रफिती कॅलिफोर्नियात कायद्याने काढता येतात, हे ऐकून आपल्याकडे कोणी नाक मुरडेल. मी थबकलो ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. रक्तातून पसरणाऱ्या रोगांबद्दल रुग्णालयांना लागू असलेला नियम, कलम ५१९३, या चित्रीकरणाच्या सेटलाही लागू आहे. संसर्ग रोखणारी साधनं मालकाने पुरवायची, हिपॅटायटिस बीची लस फुकट द्यायची, संसर्गाचा संशय आला तर तपासणीही त्याच्याच खर्चाने.

प्रत्यक्षात बहुतेक कलाकार कंत्राटी धरले जातात आणि चाचणीचे पैसे स्वतःच भरतात. मला याची मनस्वी चीड येते.

चाचणीची पद्धत मात्र शिकण्यासारखी. या व्यवसायातल्या 'पास' नावाच्या चाचणी यंत्रणेने २०१३ मध्ये चाचण्यांमधलं अंतर महिन्यावरून १४ दिवसांवर आणलं. एचआयव्ही, सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया, हिपॅटायटिस असं सगळं तपासतात. निर्मात्याला अहवाल दिसत नाही. हा कलाकार कामाला उपलब्ध आहे की नाही, एवढंच कळतं. नुसती लघवी तपासून भागत नाही, कारण घशातला किंवा गुदद्वारातला गनोरिया तिच्यात सापडत नाही. तिथला स्वॅब वेगळा घ्यावा लागतो.

खरी अडचण पुढेच आहे. एचआयव्हीचा विषाणू थेट शोधणारी आरएनए चाचणीसुद्धा संसर्गानंतर साधारण १० ते ३३ दिवसांनी बोलते. म्हणजे आजचा 'निगेटिव्ह' हा काही दिवसांपूर्वीच्या शरीराचा दाखला. २०१४ मध्ये नेमकं हेच घडलं: ताजा निगेटिव्ह अहवाल हातात असलेल्या एका कलाकाराकडून सहकलाकाराला लागण झाली. चाचणी रोग शोधते, अडवत नाही. अडवतात कंडोम आणि प्रेप, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीपासून रोज घ्यायची गोळी. प्रेप फक्त एचआयव्हीला रोखते, सिफिलिसला नाही.

लॉस एंजेलिस काउंटीच्या मतदारांनी २०१२ मध्ये कंडोम सक्तीचा केला. २०१६ मध्ये राज्यभरच्या मतदारांनी तशीच सक्ती नाकारली. अनेक कलाकारच विरोधात होते. तासन्‌तास चाललेल्या चित्रीकरणात घर्षणाने त्वचा सोलवटते, ही त्यांची तक्रार खोटी नाही. त्यावर पाण्याचं किंवा सिलिकोनचं वंगण पुन्हा पुन्हा लावणं, कंडोम बदलत राहणं हा उपाय आहे. तेलकट वंगणाने लॅटेक्स फाटतं.

याबाबतीत आपण मागासलेले, असं मात्र मी मानत नाही. सांगलीत 'संग्राम' या संस्थेच्या कामातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही वेश्याव्यवसायातल्या बायकांची संघटना उभी राहिली, आणि कंडोमचं वाटप, एकमेकींना समजावणं त्या बायकांनीच हाती घेतलं. कॅलिफोर्नियात कलाकारांना विचारायची आठवण बहुधा मतदानानंतर झाली.

कंडोम फाटलाच, तर ७२ तासांच्या आत, जमल्यास त्याच दिवशी, पेपची, म्हणजे धोका घडून गेल्यावर एचआयव्ही रोखण्यासाठी घ्यायची गोळी सुरू करायची आणि २८ दिवस चुकवायची नाही. चाचणीच्या निकालासाठी पहिली गोळी अडवून ठेवायची नाही.