तुम्ही विचारलंत म्हणून: रशियाच्या शेजारी राहून भीती नाही वाटत?

पुण्यात कुणाकडेही गेलो की हे ठरलेलंच. ‘अहो, एस्टोनिया म्हणजे रशियाच्या अगदी दारात. भीती नाही वाटत?’

वाटते की! पण आम्ही राहतो त्या एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनमध्ये, भीतीवर चर्चा कमी आणि कामं जास्त चालतात. विजेचंच घ्या. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया २००४ मध्ये नाटोत आणि युरोपियन युनियनमध्ये आले. रशियाची वीज विकत घेणंही त्यांनी २०२२ मध्ये थांबवलं. तरी ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणारं जाळं, सोव्हिएत काळातलीच. तिची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सगळ्या जाळ्यात एकसारखा ठेवावा लागणारा विजेचा ठेका, सांभाळली जायची मॉस्कोतून. तिकडून कुणी खोडी काढली असती तर इथे अंधार. शेवटी ८ फेब्रुवारी २०२५ ला, शनिवारी, तिघांनी ते नातं तोडलं, दिवसभर आपल्याच बळावर ग्रिड चालवली आणि रविवारी पोलंडमार्गे युरोपला जोडून घेतलं. आदल्या आठवड्यात दुकानांत जनरेटर खपत होते. आम्हीही पॉवरबँक आणि पाण्याचे कॅन भरून ठेवले. बायको हसत होती. लोडशेडिंगमध्ये दहावीचा अभ्यास केलेली बाई ती. दिवा लुकलुकलासुद्धा नाही.

एवढी खबरदारी कशाला, तर १९३९ मुळे. सोव्हिएत युनियनने लष्करी तळ मागितले, एस्टोनियाने न लढता दिले, आणि जून १९४० मध्ये देशच गेला. फिनलंड लढला, मुलूख गमावला, पण देश राखला. पुढे मार्च १९४९ मध्ये एस्टोनियातली वीस हजारांवर माणसं काही दिवसांत सायबेरियाकडे धाडली गेली, त्यांत बायका-मुलंच जास्त. चौदा लाखही वस्ती नसलेल्या देशात ही गोष्ट घराघरांत पोचलेली असते. म्हणून संरक्षणावर जीडीपीच्या पाच टक्क्यांवर खर्च करायचं ठरलं, तेव्हा फारशी खळखळ झाली नाही. सरकारी नोंदींच्या प्रतीसुद्धा लक्झेंबर्गमध्ये ठेवल्यात, म्हणजे जमीन गेली तरी सातबारा शाबूत!

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. मार्च २०२५ मध्ये संसदेने राज्यघटना दुरुस्त करून युरोपियन युनियनबाहेरच्या नागरिकांचा स्थानिक निवडणुकीतला मताधिकार काढून घेतला. रोख रशियन पासपोर्टवाल्यांवर होता, त्यात आमचा भारतीय पासपोर्टही सापडला. माझं एक मत गेलं, त्याचं एवढं काही नाही. पण सीमेवरच्या नार्वा शहरात बहुतेकांची मातृभाषा रशियन आहे आणि कित्येकांचा जन्मही तिथलाच. त्यांतल्या रशियन पासपोर्टवाल्यांना नगरपालिकेच्या मतपेटीपासून लांब ठेवून सीमा पक्की कशी होणार, हे इथल्या मित्रांनी मला बरेचदा समजावलंय. मी अजून वाद घालतो.